‘व्हायरस आला’ म्हणजे नेमके काय आले?

काही महिन्यांपूर्वी आमच्या काकांच्या फोनवर वाहतुकीच्या दंडाचा संदेश आला. त्यात त्यांच्या स्कूटरचा नंबर अगदी बरोबर होता, वर सरकारी वाटावे असे बोधचिन्ह होते आणि खाली ‘चलान पाहण्यासाठी उघडा’ असे लिहून एक फाइल जोडलेली होती. त्या फाइलच्या नावाच्या शेवटी ‘.एपीके’ अशी अक्षरे होती. एपीके म्हणजे कागदपत्र नव्हे, चित्रही नव्हे. अँड्रॉइड फोनवर ॲप बसवण्याची ती फाइल असते. काकांनी बोट टेकवल्यावर फोनने त्यांना विचारले, की अनोळखी ठिकाणाहून आलेले ॲप बसवायचे का. त्यांनी ‘हो’ म्हटले. मग ॲपने एसएमएस वाचण्याची परवानगी मागितली, तीही त्यांनी दिली. शेवटी ‘एक रुपया भरून चलान उघडा’ असे पान आले आणि त्यावर त्यांनी डेबिट कार्डाचा तपशील भरला. चलान काही उघडले नाही, ॲपचे चिन्हही पडद्यावरून नाहीसे झाले, आणि दुसऱ्या दिवशी खात्यातून असा एक व्यवहार झालेला दिसला, ज्याचा ओटीपी काकांच्या नजरेला कधी पडलाच नव्हता.

घरात सगळे एकच वाक्य म्हणत होते: ‘फोनमध्ये व्हायरस गेला.’ वाक्य समजण्यासारखे आहे, पण ते अपुरे आहे, आणि या अपुरेपणाची किंमत मोजावी लागते. ताप आला एवढे सांगून डॉक्टरांचे भागत नाही. तो मलेरियाचा आहे, डेंग्यूचा आहे की टायफॉइडचा, यावर औषध ठरते. संगणकाचेही तसेच आहे.

दोन वेगळे प्रश्न

संगणकाला, फोनला किंवा त्यांच्या मालकाला हानी पोहोचवण्यासाठी मुद्दाम लिहिलेल्या कुठल्याही प्रोग्रॅमला मालवेअर म्हणतात. व्हायरस हा त्यातला केवळ एक प्रकार आहे. वर्म, ट्रोजन, रॅन्समवेअर, स्पायवेअर, बॉटनेट ही बाकीची नावे एका दमात वाचली की गोंधळ उडतो, कारण ती सगळी एकाच प्रश्नाची उत्तरे नाहीत. काही नावे ‘तो आत कसा आला’ हे सांगतात आणि काही ‘आत येऊन त्याने काय केले’ हे सांगतात. चोर खिडकीतून आला की नोकराच्या वेषात आला, हा एक प्रश्न. त्याने दागिने नेले, कागदपत्रे वाचली की तिजोरीला स्वतःचे कुलूप लावले, हा दुसरा. एकाच चोरीत दोन्हींची उत्तरे असतात, म्हणूनच एकच मालवेअर ट्रोजनही असू शकते आणि स्पायवेअरही. काकांच्या फोनवर आलेले ॲप नेमके तसेच होते.

आत शिरण्याच्या पद्धती: बांडगूळ, वणवा आणि बहुरूपी

आंब्याच्या झाडावरचे बांडगूळ स्वतंत्रपणे जगू शकत नाही. त्याला फांदी लागते, रस झाडाचा लागतो, आणि दुसऱ्या झाडावर जायला पक्ष्याची चोच लागते. व्हायरसही असाच असतो. तो एखाद्या प्रोग्रॅमला, फाइलला किंवा डिस्कच्या सुरुवातीच्या भागाला चिकटतो, ती गोष्ट कोणी चालवली की जागा होतो आणि आपली प्रत दुसऱ्या फाइलला चिकटवतो. १९८६ साली लाहोरमध्ये संगणकाचे दुकान चालवणाऱ्या दोन भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ हा वैयक्तिक संगणकांवर पसरलेला पहिला मोठा व्हायरस मानला जातो. संगणक सुरू होताना फ्लॉपीचा जो पहिला भाग वाचला जातो, त्या जागी तो जाऊन बसत असे. त्यात त्या भावांनी दुकानाचा पत्ता आणि फोन नंबरही घालून ठेवला होता. त्या काळी माणसे हातातून हातात फ्लॉपी देत, आणि पक्ष्याच्या चोचीचे काम त्या फ्लॉपीच करत. आज तेच काम पेनड्राइव्ह करतो. गावातल्या झेरॉक्सच्या दुकानात दिवसभर शंभर जणांचे पेनड्राइव्ह एकाच संगणकाला लागतात, तिथून परत आलेला पेनड्राइव्ह घरच्या संगणकाला लावण्याआधी तपासून घ्यावा, हे मी कळकळीने सांगतो.

वर्मला कोणाच्या खांद्याची गरज नसते. तो नेटवर्कवरून स्वतःच एका संगणकातून दुसऱ्यात जातो. आपण काहीही उघडले नाही, कशावरही बोट टेकवले नाही, तरी तो येऊ शकतो. सह्याद्रीतल्या वाळल्या गवतात लागलेला वणवा जसा पुढचे गवत वाळलेले आहे एवढ्याच आधारावर पुढे सरकतो, तसा हा पुढच्या संगणकातली एखादी त्रुटी उघडी आहे एवढ्यावर पुढे जातो. २ नोव्हेंबर १९८८ रोजी कॉर्नेल विद्यापीठातील रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेल्या वर्मने त्या वेळच्या इंटरनेटचा मोठा भाग ठप्प केला. त्याने एकही फाइल पुसली नव्हती. तो संगणकात शिरताना ‘इथे माझी प्रत आधीच आहे का’ असे विचारी. पण कोणी खोटेच ‘हो’ म्हणून त्याला परतवू नये, म्हणून सातातून एकदा उत्तर ‘हो’ आले तरी आत राहायचे, असे त्याला शिकवलेले होते. त्या एका हिशेबाने घात केला. एकाच संगणकात त्याच्या प्रतींवर प्रती जमल्या आणि ते संगणक दुसरे कुठलेही काम करण्याच्या स्थितीत राहिले नाहीत. संगणक ‘मंद’ होतो म्हणजे काय होते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही: प्रोसेसर आणि मेमरी यांची शक्ती मर्यादित असते, आणि बिनबोलावलेल्या पाहुण्यांची पंगत बसली की घरच्यांच्या पानात वाढायला काही उरत नाही.

तिसरा प्रकार ट्रोजनचा. हे नाव ग्रीक कथेतल्या लाकडी घोड्यावरून आले. शत्रूने भेट म्हणून सोडलेला तो घोडा ट्रॉयच्या लोकांनी स्वतःच नगरात ओढून नेला आणि रात्री त्याच्या पोटातून सैनिक बाहेर पडले. आपल्याला मात्र इतके दूर जायला नको. रावण पंचवटीत शस्त्र घेऊन आला नाही, तो भिक्षेकऱ्याच्या वेषात आला, आणि लोकांच्या तोंडी असलेल्या कथेप्रमाणे रेषा ओलांडण्याचे काम त्याला करावे लागले नाही. ट्रोजन तंत्राने दार फोडत नाही, तो आपल्याकडून दार उघडून घेतो. त्यासाठी तो दंडाचे चलान होतो, लग्नपत्रिका होतो, वीजबिलाची सूचना होतो, फुकट मिळणारे महागडे सॉफ्टवेअर होतो. आज सामान्य माणसाला सर्वाधिक धोका याच प्रकाराचा आहे, असे माझे मत आहे, कारण फोन बनवणाऱ्यांनी भिंती उंच केल्या की चोराला दरवाजा वाजवणेच सोपे पडते.

या तिन्हींच्या सीमा काटेकोर नसतात. ४ मे २००० रोजी फिलिपिन्समधून सुटलेला ‘आय लव्ह यू’ हा वर्म प्रेमपत्राच्या रूपाने ईमेलमधून येई. जोडलेल्या फाइलच्या नावात आधी साध्या मजकुराची खूण आणि तिच्यामागे प्रोग्रॅमची खरी खूण होती. विंडोजची ठेवणच अशी होती, की शेवटची खूण पडद्यावर दिसत नसे. ती फाइल उघडताच ते पत्र मालकाच्या पत्तावहीतल्या सगळ्यांना त्याच्याच नावाने जाई. वेष ट्रोजनचा, पसरण्याचा वेग वर्मचा. काकांच्या फोनवरूनही त्या रात्री ते ‘चलान’ ओळखीच्या अनेकांना गेले होते, आणि काकांनी पाठवले आहे म्हटल्यावर दोघांनी ते उघडलेही. चोवीस वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी युक्ती तीच आहे.

आत आल्यावर: दुसऱ्याने लावलेले कुलूप

रॅन्समवेअर म्हणजे खंडणी मागणारे मालवेअर. ते तुमच्या फाइली नेत नाही, निदान आधी तरी नेत नाही. त्या तुमच्याच संगणकात ठेवून त्यांना कुलूप लावते. या कुलपाला एन्क्रिप्शन म्हणतात, म्हणजे माहिती गणिती रीतीने अशी ढवळून टाकणे, की किल्लीशिवाय ती वाचता येऊ नये. ही कल्पना १९८९ इतकी जुनी आहे. त्या वर्षी एड्सविषयीच्या माहितीच्या नावाखाली सुमारे २०,००० फ्लॉपी टपालाने पाठवण्यात आल्या होत्या; संगणक ठरावीक वेळा सुरू झाला की फाइलींची नावे वाचता येईनाशी होत आणि पनामातल्या एका टपालपेटीवर १८९ डॉलर पाठवण्याची मागणी येई. पण त्यात लावण्याची आणि उघडण्याची किल्ली एकच होती, त्यामुळे जाणकारांनी ती शोधून काढली. आजच्या रॅन्समवेअरमध्ये किल्ल्या दोन असतात. एकीने कुलूप फक्त लावता येते आणि ते फक्त दुसरीने उघडते, आणि ही दुसरी किल्ली पहिल्यापासून गुन्हेगाराकडेच असते, तुमच्या संगणकात ती कधी येतच नाही. म्हणून संगणक दुरुस्त करणाऱ्याने कितीही शोधले तरी बहुतेक वेळा काही हाती लागत नाही. त्यात त्याचा दोष नसतो.

१२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ हे वर्मसारखे पसरणारे रॅन्समवेअर दीडशेच्या आसपास देशांत दोन लाखांहून अधिक संगणकांमध्ये घुसले. ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांना रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द कराव्या लागल्या, काही ठिकाणी रुग्णवाहिका दुसरीकडे वळवाव्या लागल्या. यातली मन विषण्ण करणारी गोष्ट अशी, की ज्या त्रुटीतून ते शिरले ती बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्ये, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधीच दिलेले होते. गवत कापून ठेवायला दोन महिने मिळाले होते. शेवटी ही लाट ओसरली ती ब्रिटनमधल्या एका तरुण अभ्यासकामुळे. तो वर्म प्रत्येक संगणकात एका विचित्र नावाची वेबसाइट अस्तित्वात आहे का हे पाहतो आणि सापडली तर थांबतो, असे त्या प्रोग्रॅममध्येच लिहिलेले होते. अभ्यासकाने ते नाव स्वतःच नोंदवले आणि वणव्यासमोर जाळरेषा तयार झाली.

त्यानंतर दीडच महिन्याने, २७ जून २०१७ रोजी, ‘नॉटपेट्या’ आले आणि त्याची झळ थेट न्हावा-शेवाला लागली. युक्रेनमध्ये हिशेब ठेवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एका सॉफ्टवेअरच्या अधिकृत अपडेटमध्ये ते घुसवले गेले होते. त्या देशात कार्यालय असलेल्या बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या जाळ्यांतून ते जगभर गेले. त्यांत मर्स्क ही जहाज कंपनी होती, आणि तिच्या समूहाकडून चालवल्या जाणाऱ्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या टर्मिनलचे काम विस्कळीत झाले. कुठला कंटेनर कुठे आहे आणि कोणत्या ट्रकवर चढवायचा, हे सांगणारी यंत्रणाच बोलेनाशी झाल्यावर क्रेन धडधाकट असून काय उपयोग? नॉटपेट्या पडद्यावर खंडणी मागत असे, पण पैसे भरूनही फाइली परत मिळण्याची सोय त्यात नव्हती. तो खंडणीखोराच्या वेषातला विध्वंसक होता. मर्स्कला सुमारे ४५,००० संगणक आणि ४,००० सर्व्हर दहा दिवसांत नव्याने उभारावे लागले, असे कंपनीच्या अध्यक्षांनीच नंतर सांगितले.

पाळत आणि वेठबिगारी

स्पायवेअर काही मोडत नाही. ते बसून पाहते. त्याचा एक प्रकार तुम्ही दाबलेली प्रत्येक कळ टिपून ठेवतो, दुसरा पडद्याची छायाचित्रे घेतो, तिसरा एसएमएस वाचतो. काकांच्या फोनवर हेच झाले: कार्डाचा तपशील त्यांनी स्वतः दिला, ओटीपी ॲपने परस्पर वाचला आणि आलेला संदेश त्यांना दिसू दिला नाही. बँकेच्या दृष्टीने कार्ड बरोबर होते आणि ओटीपीही बरोबर होता, मग व्यवहार अडणार कशाला? चांगले स्पायवेअर यंत्र मंद करत नाही, कारण पकडले न जाण्यातच त्याचा फायदा असतो. ‘माझा फोन तर छान चालतो’ हा म्हणूनच निरोगीपणाचा पुरावा नव्हे.

मालवेअर फक्त वापरणाऱ्यावरच पाळत ठेवते असे नाही, ते यंत्रणांमधला संवादही अडवू शकते. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्यातल्या कॉसमॉस सहकारी बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले ते असेच. एटीएममध्ये कार्ड घातले की ‘या खात्यात पैसे आहेत का’ हा प्रश्न बँकेकडे जातो आणि उत्तर परत येते. या देवाणघेवाणीच्या मधल्या यंत्रणेला स्विच म्हणतात. गुन्हेगारांनी मालवेअरच्या साहाय्याने एक तोतया स्विच उभा केला आणि प्रश्न बँकेपर्यंत पोहोचण्याआधी तोच ‘द्या’ असे उत्तर देऊ लागला. बनावट कार्डे घेऊन २८ देशांतल्या एटीएममधून काही तासांत रकमा काढल्या गेल्या, आणि पुढे परदेशी हस्तांतरणाच्या मार्गानेही पैसे हलवले गेले.

बॉटनेट हा प्रकार वेठबिगारीचा. तुमचे यंत्र तुमचेच राहते, वीजबिल तुम्हीच भरता, पण हुकूम दुसरा सोडतो. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या अशाच मालवेअरने संगणक सोडून घरोघरच्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांकडे आणि राउटरकडे मोर्चा वळवला. कारखान्यातून येताना त्यांवर जे सोपे पासवर्ड घातलेले असतात, त्यांतले साठेक पासवर्ड तो एकामागून एक लावून पाही, आणि मालकाने ते बदललेले नसले की आत जाई. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशा वेठीला धरलेल्या असंख्य यंत्रांनी इंटरनेटवरचे पत्ते शोधून देणाऱ्या एका कंपनीवर एकदम मागण्यांचा भडिमार केला आणि अमेरिकेतल्या अनेकांना कित्येक तास ट्विटर, नेटफ्लिक्स उघडता येईना. मिराई यंत्राच्या तात्पुरत्या मेमरीतच राहत असल्यामुळे कॅमेरा बंद करून सुरू केला की तो जाई, पण पासवर्ड तोच राहिला तर थोड्याच वेळात परत येई.

जाहिरातींचा मारा करणारे ॲडवेअर आणि तुमच्या प्रोसेसरवर चोरून आभासी चलन तयार करणारे प्रोग्रॅम यांचे नुकसान तुलनेने कमी असते. बॅटरी लवकर उतरते, पंखा विनाकारण घोंघावतो. मात्र ज्या दाराने ते आले, ते दार उघडे आहे, एवढे त्यावरून नक्की समजावे.

‘माझ्याकडे चोरण्यासारखे आहे तरी काय?’

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो. वॉनाक्रायने किंवा मिराईने कोणाचे नाव वाचून हल्ला केला नव्हता. त्यांना उघडी त्रुटी आणि जुना पासवर्ड एवढेच दिसत होते. शिवाय तुमच्याकडे पैसे नसले तरी तुमचे नाव आहे, तुमच्यावर विश्वास ठेवणारी तीनशे माणसे संपर्कयादीत आहेत, आणि पुढच्या ट्रोजनला नेमकी तीच हवी असतात.

‘अँटिव्हायरस घातला आहे, मग?’

तो हवाच. पण तो मुख्यतः माहीत असलेल्या गुन्हेगारांच्या खुणा आणि संशयास्पद वागणूक पाहतो, आणि मालवेअर लिहिणारे वेष सतत बदलत असतात. तुम्ही स्वतः परवानगी दिलेल्या ॲपला अडवणे त्याला अवघड जाते, कारण रखवालदाराच्या देखत घरमालकानेच पाहुण्याला आत घेतलेले असते. म्हणून वर्म आणि ट्रोजन यांवरचे उपाय वेगळे ठेवावे लागतात. वर्मवर उपाय अपडेटचा, त्यामुळे ‘नंतर आठवण करा’ हे बटण दाबत राहणे थांबवावे. ट्रोजनवर उपाय परवानगीच्या क्षणी थांबण्याचा: चलान दाखवणाऱ्या ॲपला एसएमएस कशाला हवेत, एवढा एक प्रश्न काकांना वाचवू शकला असता. चलान खरेच आहे का, हे सरकारी संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करून पाहता येते.

‘खंडणी भरून मोकळे व्हावे का?’

पैसे भरल्यावर किल्ली मिळेलच याची हमी कोणी देत नाही, नॉटपेट्यात तर किल्लीच नव्हती, आणि हल्ली फाइलींना कुलूप लावण्याआधी त्यांची प्रत काढून नेण्याची पद्धत रूढ झाल्यामुळे किल्ली मिळाली तरी दुसरी मागणी येऊ शकते. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्स रुग्णालयाच्या सर्व्हरवर असा हल्ला झाला, तेव्हा कित्येक दिवस रुग्णांची नोंदणी हाताने करावी लागली. अशा वेळी खरा आधार असतो तो बॅकअपचा, आणि तोही संगणकाला सतत जोडलेला नसलेला, कारण जोडलेल्या हार्डडिस्कलाही तेच कुलूप लागते. मर्स्कच्या जाळ्याचा नकाशा सांभाळणारे सर्व्हर जगभर एकमेकांची नक्कल ठेवत, त्यामुळे ते सगळे एकदमच गेले. वाचला तो घानातल्या कार्यालयातला एक, कारण हल्ल्याच्या वेळी तिथे वीज गेली होती आणि तो जाळ्यापासून तुटलेला होता.

‘ॲप काढून टाकले की झाले ना?’

काकांच्या फोनवर आधी इंटरनेट बंद केले, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून कार्ड आणि खाते थांबवले आणि १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक वहीत लिहून ठेवला. मग ॲप शोधायला बसलो. पडद्यावर चिन्ह नव्हते, पण सेटिंग्जमधल्या ॲपच्या यादीत ते साध्या नावाने बसलेले होते, आणि ‘काढून टाका’ हे बटण फिकट होऊन पडले होते, दाबले जातच नव्हते. कारण बसताना त्याने ‘डिव्हाइस ॲडमिन’, म्हणजे फोनच्या कारभाऱ्याचे अधिकारही घेऊन ठेवले होते. सुरक्षेच्या पानावर जाऊन ते अधिकार काढले, तेव्हा बटण जिवंत झाले. तरीही त्याने मागे आणखी काय ठेवले असेल ते सांगता येत नव्हते, म्हणून फोन पूर्ण पुसून नव्याने सुरू केला आणि पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदलले. नातवाचे फोटो चुलतभावाने दिवाळीत लॅपटॉपवर उतरवून ठेवले होते, ते परत मिळाले. त्यानंतरच्या महिन्यांतले गेले. चलान उघडलेल्या त्या दोघांना फोन काकांनी स्वतः केले, आणि दोघांच्याही फोनमध्ये ते ॲप त्याच साध्या नावाने सापडले.